मोठा टर्बो बसवण्याआधी फाटलेला होज बघा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या अंकात एका वाचकांचं पत्र आलं होतं. संध्याकाळी रंकाळ्यावर फिरायला निघालं की जुन्या डिझेल पिकअप काळा धूर सोडत शेजारून जातात, नाकाला पदर-रुमाल लावावा लागतो, या गाड्या एकदाच्या भंगारात घाला, असं त्यांनी लिहिलं होतं. त्यांचा राग मला पटला. कारण गेल्या वर्षी तीन महिने तसाच धूर आमच्या गाडीतून निघत होता आणि त्या गाडीत मी बसलेली असायचे. धूर येतो कुठून, गाडीवाले तो का वाढवून घेतात आणि तो कसा थांबतो, हे आम्ही पैसे घालवून शिकलो. म्हणून हे लांबलचक पत्र लिहिते आहे. कापून छापलंत तरी चालेल, पण होजचा, म्हणजे हवेच्या रबरी पाइपाचा, भाग कापू नका.

आम्ही कळ्याजवळचे. आमची पिकअप २०१० ची. इंजिन अडीच लिटरचं, चार सिलिंडरचं, टर्बो (इंजिनात जादा हवा दाबणारा पंखा) कंपनीतूनच आलेला. डिझेलचा पंप जुन्या पद्धतीचा, कॉम्प्युटर वगैरे काही नाही. आमचे हे गाडी चालवतात, थोरला मुलगा हाताखाली असतो आणि हिशेब मी लिहिते. इकडून गूळ, कांदा-बटाटा, भाजी घेऊन गगनबावड्यावरून खाली कोकणात उतरायचं, वैभववाडी-कणकवलीकडे माल द्यायचा आणि येताना नारळ, हंगामात आंब्याच्या पेट्या घेऊन घाट चढायचा. आठवड्याला दोन फेऱ्या. जाऊन-येऊन दोनशेच्या आसपास किलोमीटर होतात.

माझ्याकडे एक वही आहे. शंभर पानी, साधी. त्यात तारीख, किलोमीटर, किती लिटर डिझेल, किती रुपये, ऑइल किती ओतलं आणि शेवटच्या रकान्यात काही विशेष असेल तर. गाडी घेतली तेव्हापासून एक फेरी चुकवलेली नाही. या पत्रातले सगळे आकडे त्या वहीतले आहेत.

भरलेल्या फेरीला आमची गाडी लिटरला बारा किलोमीटर द्यायची. २०२३ च्या गणपतीनंतर वहीत ११.४ लागलं, मग १०.९. दिवाळी झाल्यावर ९.८. म्हणजे फेरीला पावणेचार लिटर डिझेल जादा. घाटात जिथं तिसऱ्या गिअरवर गाडी निघायची तिथं दुसरा टाकावा लागायला लागला. चढ लागला की मागून धूर यायचा, सपाटीला नाही. ह्यांनी डिझेल फिल्टर बदलला, नोझल तपासून घेतले, काही फरक पडला नाही.

तेव्हा मुलाच्या डोक्यात मोठ्या टर्बोचं आलं. मोबाइलवर त्यानं व्हिडिओ बघितले होते. जुन्या गाडीला मोठ्या गाडीचा टर्बो बसवायचा, हवेच्या फिल्टरच्या बंद डब्याच्या जागी उघडा कोन (शंकूच्या आकाराचा) फिल्टर लावायचा, पंपाचा स्क्रू थोडा खोलून डिझेल वाढवायचं, की गाडी पळतीच. मी म्हटलं, "अरे, आधी बारा देत होती ती आता दहा का देते, ते तरी बघा." तो म्हणाला, "आई, इंजिन जुनं झालंय, ताकद कमी झाली, ती वाढवायला नको?" मला तेव्हा उत्तर देता आलं नाही. घरात दोघांचं एकमत झालं आणि मीही मान हलवली.

एका गॅरेजात २२ हजारांत काम झालं. टर्बो भंगारातून आणलेला, मोठ्या गाडीचा. जुना टर्बो त्यांनी तिथंच ठेवून घेतला असता, पण ह्यांनी तो पोत्यात गुंडाळून घरी आणला आणि गोठ्यातल्या फळीवर ठेवला. हे बरं झालं, ते पुढं येईल.

पहिल्या दिवशी रिकामी गाडी हायवेला घेतली तेव्हा मीसुद्धा खूश झाले. पाय दाबला की शिट्टीसारखा आवाज यायचा आणि गाडी उचलून फेकल्यासारखी जायची. पण आमचा धंदा रिकाम्या गाडीचा नाही. माल भरून घाटाला लागलो की वळणावर गाडी मंद व्हायची, पाय दाबला तरी काही क्षण नुसता काळा लोट, मग कधीतरी जोर यायचा, तोवर पुढचं वळण आलेलं. वहीत ८.९ लागलं. बावीस हजार घालून फेरीला सहा लिटर डिझेल जादा जायला लागलं.

असं का होतं ते मला नंतर कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका जुन्या डिझेल मिस्त्रींनी समजावून सांगितलं. त्यांचं नाव लिहीत नाही, त्यांना आवडणार नाही. टर्बो म्हणजे एका दांड्याच्या दोन टोकांना दोन पंखे. एका पंख्यावर इंजिनातून बाहेर पडणारा तापलेला धूर आपटतो आणि तो फिरतो. त्याच दांड्यावरचा दुसरा पंखा बाहेरची हवा ओढून इंजिनात दाबतो. हा दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेऱ्या घेतो. तो कशावर फिरतो, तर इंजिन ऑइलच्या पातळ थरावर. मोठा टर्बो म्हणजे मोठे, जड पंखे. ते फिरवायला धूर जास्त लागतो. घाटात भरलेली गाडी हळू असते, इंजिनाच्या फेऱ्या कमी असतात, धूर पुरेसा नसतो, पंखा गती घेत नाही आणि हवा मिळत नाही. पण पंपाचा स्क्रू खोललेला, म्हणून डिझेल मात्र वाढलेलं. हवा कमी आणि डिझेल जादा, म्हणजे अर्धवट जळणं. काळा धूर म्हणजे अर्धवट जळलेलं डिझेल, दुसरं काही नाही. धूर दिसला की पोरं म्हणतात गाडीत दम आहे. तो दम सायलेन्सरमधून बाहेर गेलेला असतो.

मिस्त्रींनी एक हिशेब सांगितला, तो मी घरी येऊन कॅल्क्युलेटरवर करून बघितला. एक किलो डिझेल पुरतं जळायला साडेचौदा किलोच्या आसपास हवा लागते. एक लिटर डिझेल साधारण ८३० ग्रॅम भरतं, म्हणजे बारा किलो हवा. हवेचं वजन घनमीटरला सव्वा किलोच्याही खाली. म्हणजे एक लिटर डिझेलला जवळपास दहा हजार लिटर हवा! आपल्या गच्चीवर हजार लिटरची काळी टाकी असते, तशा दहा टाक्या. तीही अगदी कमीत कमी. डिझेल इंजिनला धूर न काढता चालायचं तर याहून जास्तच लागते. आम्ही डिझेल थेंब-थेंब मोजून भरतो, पण हवा कुठून येते, किती येते, वाटेत कुठं सांडते, हे आयुष्यात कधी बघितलं नव्हतं.

आता तो दिवस. २०२४ च्या जानेवारीत गगनबावड्याहून उतरणारा करूळ घाट कामासाठी बंद झाला होता आणि आम्ही शेजारच्या भुईबावडा घाटाने ये-जा करत होतो. एप्रिलातली दुपार. मागं आंब्याच्या पेट्या आणि नारळाची पोती. त्याआधी महिनाभर वहीत ऑइलच्या रकान्यात दर पंधरा दिवसाला एक लिटर लागत होतं. पूर्वी सर्व्हिसिंग ते सर्व्हिसिंग अर्धा लिटरसुद्धा लागायचं नाही. मी ते ह्यांना दाखवलं होतं. ते म्हणाले, आंब्याचा हंगाम संपू दे, मग बघू.

घाटाच्या मध्यावर इंजिनाचा आवाज बदलला. ह्यांनी पाय काढला, तरी आवाज वाढतच गेला. मागं आरशात पांढरा-निळा धूर, रस्ता दिसेना. ह्यांनी चावी फिरवून बंद केली. इंजिन बंद झालं नाही. चावी हातात आणि इंजिन किंचाळतंय, असं मी कधी बघितलं नव्हतं. मुलगा ओरडला, "आण्णा, टॉप टाका, टॉप टाका!" ह्यांनी ब्रेक दाबून धरला, वरचा गिअर टाकला आणि क्लच एकदम सोडला. गाडीनं दोन हिसके दिले आणि इंजिन मेलं. मी खाली उडी मारून चाकामागं दगड लावला. माझे हात नंतर किती तरी वेळ थरथरत होते. वळणाच्या पलीकडं दरी होती.

नंतर कळलं, इंजिन डिझेलवर चाललंच नव्हतं. ते स्वतःचं ऑइल पीत होतं. टर्बोच्या सीलमधून ऑइल हवेच्या पाइपात उतरत होतं, इंटरकूलरच्या (दाबलेली हवा गार करणाऱ्या जाळीच्या) तळाला साचलं होतं आणि त्या चढाला ते सगळं एकदम इंजिनात ओढलं गेलं. चावीनं डिझेल बंद होतं, ऑइल कसं बंद होणार? अशा वेळी वरचा गिअर टाकून ब्रेकवर क्लच सोडायचा आणि इंजिन कोंडून मारायचं, किंवा हवेचं तोंड बंद करायचं. ऑटोमॅटिक गाडीला पहिला उपाय नाही. पण हवेच्या तोंडाशी तळहात नेऊ नका, ओढ भयंकर असते. डिझेल गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला हे ठाऊक असायला हवं. आमच्या मुलाला ते ठाऊक होतं म्हणून आज मी पत्र लिहिते आहे.

गाडी टोचन करून आणली ती उद्यमनगरात. मिस्त्रींनी टर्बो खोलला आणि मला जवळ बोलावलं. "वहिनी, हिकडं या. ह्ये बघा." टर्बोतून ऑइल खाली इंजिनात परत जायला एक पाइप असतो. त्याच्या तोंडाला गॅस्केट बसवायचं असतं. तिथं गॅस्केट नव्हतं, लाल सिलिकॉन थापलेलं होतं. बोल्ट आवळल्यावर ते आत पिळून आलेलं आणि वाळून त्याची जीभ झालेली. अंगठ्याच्या नखाएवढी लाल जीभ, भोकाचा अर्धा भाग झाकून बसलेली. ऑइल वरून येत होतं, पण खाली उतरायला वाट नव्हती. मग ते सील ढकलून हवेच्या बाजूला गेलं. मी ती जीभ चिमटीत धरून ओढली तर रबरासारखी ताणली आणि तुटली. दांडा हातानं हलवला तर खटखट वाजत होता. टर्बोच्या ऑइलच्या तोंडाला सिलिकॉन लावायचं नसतं, हेच मिस्त्री गेली पंचवीस वर्षं हाताखालच्या पोरांना पहिल्यांदा शिकवतात.

गॅरेजवाल्याशी मी भांडायला गेले नाही, त्याचं नावही इथं लिहीत नाही. तो पोरगा मेहनती आहे. त्याला कुणी शिकवलं नाही, एवढंच.

हेड खोललं तर एक पिस्टन खरवडलेला, रिंगा चिकटलेल्या. एकूण ४६ हजार गेले. म्हशीसाठी बाजूला ठेवलेले पैसे होते ते.

आणि मग मिस्त्रींनी जे केलं ते मला प्रत्येक गाडीवाल्याला दाखवावंसं वाटतं. त्यांनी विचारलं, "पयला टर्बो कुठं हाय?" मी म्हटलं, गोठ्यात. मुलगा जाऊन घेऊन आला. त्यांनी पोतं सोडलं, दांडा बोटानं फिरवला, वर-खाली हलवून बघितला, पंख्याची पाती दिव्याखाली धरली. पातींच्या कडा जरा झिजल्या होत्या, बाकी काही नाही. म्हणाले, "ह्याला काय झालंय? चांगला हाय की! ह्यो कशापायी काढला?" आम्ही तिघंही गप्प.

तोच टर्बो त्यांनी साफ करून, नवं गॅस्केट लावून बसवला. आणि इंजिन चालू करायच्या आधी हवेच्या पाइपाची परीक्षा घेतली. टर्बोच्या तोंडाला एक लोखंडी टोपण बसवलं, त्याला टायरच्या ट्यूबचा वॉल्व्ह जोडलेला. कॉम्प्रेसरनं हळूहळू हवा भरली, एक बारच्या आत. टायरमध्ये असते त्याच्या निम्मीसुद्धा नाही. मग बादलीत निरमा कालवून ब्रशनं सगळ्या पाइपांना, जोडांना, क्लिपांना लावत गेले. इंटरकूलरमधून इंजिनाकडं जाणारा जो वाकडा रबरी होज आहे, त्याच्या खालच्या अंगाला, क्लिपच्या अगदी कडेला, दुधावर साय चढावी तसा फेस चढायला लागला. बघता बघता मुठीएवढा झाला. त्यांनी पुसलं, तर तीन बोटं लांब चीर. हवा सोडली की चीर मिटायची, ती बोटानंही कळायची नाही. हवा भरली की ओठ उघडावेत तशी उघडायची.

"वहिनी, गाडी म्हातारी झाली न्हाई. तिचं नरडं फाटलंया."

म्हणून सपाटीला धूर नव्हता आणि चढाला होता. सपाटीला टर्बोचा दाब कमी, चीर मिटलेली. चढाला दाब वाढला की चीर उघडायची आणि दाबलेली हवा बोनेटमध्ये सुटून जायची. हाच होज मोठा टर्बो बसवतानाही तसाच परत बसवला होता, नुसती क्लिप आवळून. आणि हवा गळते तेव्हा टर्बो दाब भरून काढायला आणखी वेगानं फिरतो, त्याच्यावर ताण आणखी वाढतो. म्हणजे मोठा टर्बो तीन महिने फाटक्या पोत्यात धान्य भरत होता. नवा होज आणि दोन चांगल्या क्लिपा मिळून साडेसातशे रुपये झाले. २०२३ च्या गणपतीत हे साडेसातशे खर्चले असते तर पुढचं काही झालंच नसतं.

आता फिल्टरबद्दल, कारण आपल्या भागात हा विषय मोठा आहे. उसाच्या हंगामात आमच्या रस्त्यावर काय असतं ते कुणाला सांगायला नको. ट्रॉल्यांतून उडणारा पाला, चिखल वाळून झालेली धूळ, गुऱ्हाळाच्या चिमणीची काजळी. कोकणात उतरलं की तांबडी माती. हे सगळं हवेबरोबर फिल्टरवर येतं. आम्ही काय करायचो, तर पंक्चरवाल्याकडं फिल्टर काढून त्याच्या कॉम्प्रेसरनं फुल प्रेशरनं मारून घ्यायचो. तेवढ्या जोरानं कागदाची छिद्रं फाटतात. मिस्त्रींनी आमचा जुना कागदी फिल्टर अंधारात आतून टॉर्च लावून दाखवला, चांदण्यासारखे ठिपके दिसले. त्या ठिपक्यांतून जाणारी बारीक माती लाख फेऱ्यांनी फिरणाऱ्या पात्यांवर आपटते, तेव्हा त्यांच्या कडा झिजतात. आमच्या टर्बोच्या झिजल्या होत्या त्या तशाच.

आणि तो उघडा कोन फिल्टर. दिसायला छान, आवाजही मोठा. पण तो बसतो इंजिनाच्या शेजारी, रेडिएटरची तापलेली हवा ओढत. तापलेली हवा पातळ असते, तेवढ्याच जागेत कमी मावते. टर्बोनं दाबली की हवा अशीही तापते, शंभर अंशांच्या वर जाते, म्हणून तर कंपनी पुढं इंटरकूलर बसवते. मग सुरुवातीलाच गरम हवा द्यायची कशाला? कंपनीचा डबा बाहेरची गार हवा घेतो आणि त्याचं तोंड उंचावर, पाणी उडणार नाही अशा जागी ठेवलेलं असतं. गगनबावड्याचा पाऊस सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात पंचगंगेचं पाणी रस्त्यांवर आलं, तेव्हा पाण्यातून गाडी घालण्याचा मोह किती जणांना झाला ते आपण पाहिलं. इंजिनात हवेच्या वाटेनं पाणी गेलं तर ते हवेसारखं दबत नाही. पिस्टन वर येतो, पाणी जागा देत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा सेल्फ मारून बघायची नसते. हवेचं तोंड खाली आणणारा कुठलाही बदल आपल्या भागात मला धोक्याचाच वाटतो.

सुधारणा करायचीच नाही, असं माझं म्हणणं नाही. आम्हीही केली. साध्या रबराच्या जागी जाड सिलिकॉनचे होज घातले (हे सिलिकॉन वेगळं, ते थापायचं वेगळं). इंटरकूलर काढून आतलं ऑइल रॉकेलनं धुऊन वाळवला, बाहेरच्या जाळीतला चिखल आणि किडे हलक्या पाण्यानं काढले. हवेच्या डब्याच्या झाकणाचं रबर बदललं, कारण तिथून फिल्टर चुकवून धूळ आत जात होती. पंपाचा स्क्रू बेंचवर लावून कंपनीच्या मापाला आणला. आणि मुलाची हौस म्हणून, खरं तर आता माझीच हौस, डॅशबोर्डवर टर्बोच्या दाबाचा एक काटा बसवला. होज बदलायच्या आधी एकदा मुद्दाम जुना होज घालून चढाला बघितलं, काटा ०.४ बारवर अडकला. नवा घातल्यावर त्याच चढाला ०.८ च्या पुढं. मुलगा म्हणाला, "आई, हा काटा आधी असता तर!" काटा बसवायला टर्बोच्या पैशांचा दहावा भागही लागला नाही.

एक सवयही बदलली. घाट चढून वर आलो की चहाला थांबायचो आणि लगेच चावी काढायचो. त्या वेळी टर्बो लालबुंद तापलेला असतो, दांडा फिरत असतो आणि इंजिन बंद झालं की ऑइलचा पंपही बंद. राहिलेलं ऑइल आत जळून त्याची कोळशासारखी पापडी होते. आता वर आल्यावर मी खाली उतरून पेट्यांच्या दोऱ्या तपासते, तोवर हे गाडी दोन मिनिटं न्यूट्रलला ठेवतात. सकाळी चालू केल्यावरही लगेच पाय दाबत नाहीत.

वहीत आता १२.३ आहे. ऑइलचा रकाना सात महिने रिकामा आहे.

कायद्याचं एक सांगते, कारण गॅरेजात हे कुणी सांगत नाही आणि आम्हालाही विमा नूतनीकरणाच्या वेळी कळलं. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीनं ठरवून दिलेल्या आणि आरसी बुकात नोंदलेल्या तपशिलात फरक पडेल असा बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानंही जानेवारी २०१९ मध्ये हे स्पष्ट केलं आहे. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं आलेल्या कलम १८२ अ नुसार बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलाला पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. फाटलेला होज बदलणं, फिल्टर बदलणं, त्याच मापाचा टर्बो दुरुस्त करून बसवणं, ही दुरुस्ती आहे. मोठा टर्बो आणि वाढवलेलं डिझेल हा बदल आहे. अपघात झाला असता तर विमा कंपनीनं काय विचारलं असतं, या विचारानं मला अजून झोप येत नाही. आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला दर वर्षी फिटनेस करावं लागतं, हरित कर भरावा लागतो, तो आम्ही भरतो. त्यात हा धोका कशाला ओढवून घ्यायचा?

शेवटी पीयूसीचं. यासाठीच खरं तर मी लेखणी उचलली.

आमच्या गाडीच्या पीयूसीच्या सगळ्या पावत्या वहीत चिकटवलेल्या आहेत. डिझेल गाडीला ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून सायलेन्सरमधला धूर यंत्रानं मोजतात आणि एक आकडा छापून येतो. आमच्या गाडीच्या वयाला तो २.४५ पर्यंत चालतो. मार्च २०२३ च्या पावतीवर १.२१ आहे. सप्टेंबर २०२३ ला १.७४, म्हणजे होज फाटायला लागला होता तेव्हा. मार्च २०२४ ला, मोठा टर्बो असताना, २.४१. तिन्ही पावत्यांवर शेवटी एकच शब्द छापलेला: पास. सहा महिन्यांत आकडा दीडपट झाला, वर्षात दुप्पट झाला, आणि पावती देणाऱ्यानं, आम्ही, कुणीच तो वाचला नाही. रिकाम्या गाडीची चाचणी आणि भरलेल्या गाडीचा चढ यात फरक आहे, हे मला मान्य आहे. तरीही त्या आकड्यानं आम्हाला वेळेवर हाक मारली होती. दवाखान्यात ब्लडप्रेशरचा आकडा गेल्या वेळेपेक्षा वाढला तर डॉक्टर विचारतो ना, काय झालं म्हणून? दुरुस्तीनंतर सप्टेंबर २०२४ ला तोच आकडा १.०८ आला. गाडी तीच, इंजिन तेच, चौदा वर्षांचं.

म्हणून ज्या वाचकांनी या गाड्या भंगारात घाला असं लिहिलं, त्यांना माझी विनंती आहे की आधी या गाड्यांचे होज तपासायला लावा. एक पिकअप म्हणजे एक घर असतं, कधी दोन. नवी गाडी दहा लाखांच्या घरात जाते, ती आमच्यासारख्यांना हप्त्यानंही झेपत नाही. धूर आम्हालाही नको आहे. तो धूर म्हणजे आमचंच डिझेल आहे, फेरीला सहा लिटर.

पीयूसी केंद्रांनी पावती देताना गेल्या वेळचा आकडा आणि आताचा आकडा शेजारी-शेजारी तोंडी तरी सांगावा. त्याला एक पैसा लागत नाही. कळंब्याच्या शासकीय आयटीआयमध्ये डिझेल मेकॅनिकची मुलं शिकतात. त्यांनी महिन्यातून एक दिवस मार्केट यार्डात येऊन साबणाच्या पाण्यानं हवेची गळती तपासून दाखवली तर मुलांचा सराव होईल आणि आम्हा गाडीवाल्यांचं डिझेल वाचेल. लोखंडी टोपण आणि वॉल्व्ह मिस्त्रींनी आम्हाला एक करून दिलं आहे, ते मी द्यायला तयार आहे. गॅरेज चालवणाऱ्या तरुण पोरांनाही तिथं बोलवावं, ज्यानं आमची गाडी बिघडवली त्यालासुद्धा. मी त्याला स्वतः सांगेन.

आपल्या वृत्तपत्रानं पुढाकार घेतला तर हे होऊ शकेल. आंब्याच्या गाड्या मार्चअखेरीपासून घाट चढायला लागतात. त्याच्या आत एक रविवार ठरला तर बरं. वही आणि ती लाल सिलिकॉनची तुटलेली जीभ, दोन्ही घेऊन येते.

आपली नम्र,
एक पिकअपवाली,
कळे परिसर, ता. पन्हाळा, जि. कोल्हापूर

(नाव-पत्ता आपल्याकडे कळवला आहे. गॅरेजवाला ओळखता येईल, म्हणून कृपया छापू नये.)